फुगवणीच्या खोलीतला मंत्र

दोन काचेच्या बाटल्या, त्यांच्या तोंडांवर ओढून बसवलेले दोन रबरी फुगे, आणि समोर श्वास रोखून उभी असलेली पन्नास माणसं. शनिवारी सकाळी आमच्या बेकरीच्या पॅकिंगच्या हॉलमध्ये सगळं काम ठप्प होतं. बायका पावाचे रिकामे ट्रे उलटे करून त्यांवर बसल्या होत्या, गाडीवाले माल सोडून दारात उभे होते, ऑफिसातला कारकून चक्क खुर्चीवर चढला होता. मधोमध पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले शीतलबाबा डोळे मिटून उभे होते. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. मग डावीकडचा फुगा हळूच हलला, तिरका झाला आणि बघता बघता ताठ उभा राहिला. उजवीकडचा तसाच लोळत पडला होता. हॉलमध्ये एकदम गलका झाला आणि मालकांच्या आत्याबाईंनी तिथल्या तिथे बाबांचे पाय धरले.

यात चमत्कार काय, असं तुम्हाला वाटेल. ते कळायला बेकरीत काम करावं लागतं. दोन्ही बाटल्यांत यीस्ट होतं, म्हणजे पाव फुगवणारे ते जिवंत सूक्ष्म जीव. ते जिवंत असले की साखर खातात, वायू सोडतात आणि फुगा फुगतो. या दोन्ही बाटल्या आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दहा मिनिटं कढत पाण्यात बुडवल्या होत्या. पाण्यात थर्मामीटर होता, तो पन्नासच्या थोडा वर होता. गरम पाण्यात यीस्ट मरतं, हे आमच्याकडे झाडूवालीलाही ठाऊक आहे. मी तर चौदा वर्षं यीस्टच कालवते. सगळे मला यीस्टकाकूच म्हणतात. तेव्हा मरायला हवं ते मेलं नाही, हे बघून माझीही मती गुंग झाली. खोटं कशाला बोलू?

फरक एवढाच होता, की पाण्यात बुडवण्याआधी डाव्या बाटलीवर बाबांनी पाऊण तास शीतलमंत्र म्हटला होता आणि उजवीवर नाही.

हे बाबा आत्याबाईंनी आणले होते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे विश्वात सत्तावीस प्रकारची उष्णता आहे आणि त्यातली सव्वीस प्रकारची माणसाच्या मनात असते. मी विचारलं, मग सत्ताविसावी कुठली? तर म्हणाले, ती भट्टीची, पण ती सर्वांत किरकोळ. असलं बोलणं ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. जो माणूस कधी भट्टीच्या दारात उभा राहिला नाही, तो ती किरकोळ आहे म्हणून सांगणार, आणि आम्ही माना डोलावणार.

पण भट्टीवरचे लोक माना डोलावत होते, हे खरं. उन्हाळ्याने त्या वर्षी कहर केला होता. भट्टीच्या खोलीत उभं राहिलं तर पापण्यासुद्धा चटकायच्या. आमचा मुख्य भट्टीवाला, दाढीवाला म्हणतात त्याला, त्याने आठवड्यापूर्वी बाबांचा निळ्या दोऱ्याचा ताईत बांधला आणि सगळ्यांना सांगत सुटला, की आता धग लागत नाही. अरे, तू अख्खा उन्हाळा त्या भट्टीसमोर काढलास, तुझं अंग केव्हाच तयार झालंय, असं मी त्याला म्हणाले. तो म्हणाला, काकू, तुम्ही आपलं पीठ बघा.

तरी इथवर मी गप्प बसले असते. ज्याला दोरा बांधायचा त्याने बांधावा. पण आमच्याकडे एक जुनी रीत होती, तिला पायरी म्हणायचे. भट्टीवर नवीन आलेला किंवा मोठ्या रजेवरून परतलेला माणूस पहिल्या दिवशी तासभरच भट्टीसमोर उभा राहायचा, मग बाहेर. दुसऱ्या दिवशी थोडं जास्त, तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. दहा दिवसांनी कुठे पूर्ण पाळी. ही रीत कुणी घातली, का घातली, कुणाला माहीत नव्हतं, पण ती कधी मोडली नव्हती. त्या शनिवारी फुगा उभा राहिला आणि मालकांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, की ज्याच्या दंडावर ताईत त्याला पायरी नाही. शाळांच्या पावाची मोठी ऑर्डर आली होती, माणसं कमी होती. मालकांना बाबा देवासारखे धावून आले होते.

आणि सोमवारी परत येणारा माणूस होता माझा धाकटा भाऊ.

पाय मोडून दोन महिने तो घरी पडून होता, आमच्या आतल्या गार खोलीत, पंख्याखाली. पडून पडून त्याचा स्वभाव पार आंबला होता. आपण सगळ्यांना ओझं झालो, या एकाच विचाराने तो पोखरला होता. मी त्याला विनवलं, की ताईत बांध हवा तर, पण पायरी सोडू नकोस. तो माझ्याकडे न बघता बुटांना पॉलिश करत राहिला.

"ताई, तुझं ते एवढंसं यीस्ट वाचलं," तो म्हणाला. "मी तर माणूस आहे."

फुगा तर मीही माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. घरात या खोलीतून त्या खोलीत, तिथून गॅलरीत, परत आत, अशा मी येरझाऱ्या घातल्या. आई गेली तेव्हा हा नऊ वर्षांचा होता, मीच वाढवला. शेवटी पायात चपला सरकवल्या आणि दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या शाळेच्या विज्ञानाच्या बाईंकडे गेले. रोज सकाळी त्या आमच्या खिडकीवर पाव घ्यायला येतात, तेवढीच ओळख.

बाई उत्तरपत्रिका तपासत होत्या. हसतील असं वाटलं होतं, हसल्या नाहीत. सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. मंत्र चालू असताना तो पाऊण तास दोन्ही बाटल्या कुठे होत्या?

मी म्हणाले, साधी बाटली आमच्यासमोर टेबलावर, पंख्याखाली, कुणी हात लावला नाही. मंत्राची बाटली घेऊन बाबा एकांतात बसले होते.

"एकांतात म्हणजे नेमकं कुठे?"

"फुगवणीच्या खोलीत," मी म्हणाले आणि माझी मलाच लाज वाटली.

फुगवणीची खोली म्हणजे मळलेलं पीठ भट्टीत जाण्याआधी फुगायला ठेवतात ती उबदार खोली. पावाला बरी म्हणून तिथे अडतीस-एकोणचाळीस डिग्री ऊब असते आणि ती ऊब रोज पहाटे लावते कोण, तर मीच. आम्ही त्या खोलीत दिवसातून शंभरदा आतबाहेर करतो. ती गरम आहे हे आमच्या ध्यानातच येत नाही. बाहेरचा कुणीही असता तर दार उघडताच म्हणाला असता, इथे उकडतंय. आम्ही मात्र म्हणालो, वा, काय शांत जागा निवडली बाबांनी. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

रविवारी बाईंच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघींनी तोच प्रयोग केला. ताजं यीस्ट साखरेच्या पाण्यात कालवून दोन बाटल्यांत भरलं. एक बाटली गार ओट्यावर ठेवली, दुसरी पाऊण तास कोमट पाण्याच्या पातेल्यात, थर्मामीटर बघत बघत. मंत्राच्या जागी काहीतरी म्हणायला हवं म्हणून मी त्या बाटलीला माझ्या भावाचे सगळे दुर्गुण ऐकवले. पाऊण तास सहज पुरले. मग दोन्ही बाटल्या दहा मिनिटं कढत पाण्यात, मग फुगे. कोमट पाण्यातली बाटली जगली, दुसरी मेली. आम्ही पुन्हा केलं, पुन्हा तेच.

बाईंनी मला समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. प्रत्येक जिवंत पेशीत प्रथिनं असतात, तीच तिची सगळी कामं करतात. त्यांच्या नीट घड्या असतात, म्हणून ती काम करू शकतात. फार तापली की घड्या उसकटतात आणि ती एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात. अंडं उकडलं की पांढरं घट्ट होतं, ते हेच. पण पेशीला आधी सोसवेल इतकीच ऊब लागली, तर ती सावध होते आणि वेगळी मदतनीस प्रथिनं भराभर बनवायला घेते. शास्त्रात त्यांना उष्मा-आघात प्रथिनं म्हणतात. ती इतर प्रथिनांना धरून ठेवतात, चिकटू देत नाहीत, उसकटलेली घडी पुन्हा बसवायला मदत करतात. मग मोठी उष्णता आली तरी बऱ्याचशा पेशी तग धरतात. यीस्टमध्ये हे होतं, झाडांत होतं, माणसांतही होतं.

"म्हणजे आमची पायरी तीच?" मी विचारलं.

बाई म्हणाल्या, माणसाच्या बाबतीत गोष्टी जास्त असतात. रोज थोडं थोडं तापत गेलं की घाम लवकर सुटतो, त्यातून मीठ कमी जातं, रक्तातलं पाणी वाढतं, आणि पेशींमध्ये ही मदतनीस प्रथिनंही जमतात. त्याला आठ-दहा दिवस लागतात. पण भट्टी सोडून गारव्यात राहिलं तर काही आठवड्यांत सगळं ओसरतं. आणि कितीही सवय झाली तरी तिला मर्यादा असतेच, दाढीवाल्यालासुद्धा. मग त्यांनी विचारलं, तुमचा भाऊ किती दिवस घरी आहे? मी दोन महिने म्हणाले आणि बाईंनी हातातला थर्मामीटर खाली ठेवला.

भावाला मी रात्रीच सगळं सांगितलं. तो म्हणाला, सगळ्यांसमोर दाखव, मग बघू.

सोमवारी पहाटेपासून मी बेकरीत होते. या वेळी तीन बाटल्या केल्या. पहिली गार जागी. दुसरी ऐन वेळी पाऊण तास फुगवणीच्या खोलीत, मंत्राशिवाय. आणि तिसरी माझ्या भावासाठी होती. ती पहाटेच उबेत ठेवून मग चार तास साखर घालत गार जागी ठेवली, कारण गारव्यात राहिलं की तयारी कशी विरून जाते, तेच मला दाखवायचं होतं. दहा वाजता बाई आल्या, तिन्ही बाटल्या सगळ्यांसमोर कढत पाण्यात घातल्या आणि फुगे चढवून टेबलावर मांडल्या. मालक म्हणाले, बघू काय होतं ते, पण तोवर पाळी थांबणार नाही. मी हात जोडले. पंधरा-वीस मिनिटं थांबा, फुगा सांगेल, म्हणाले. मालकांनी घड्याळ दाखवलं. बाबांनी तेवढ्यात माझ्या भावाच्या दंडावर निळा दोरा बांधला, कानात काहीतरी पुटपुटले, आणि तो माझ्या अंगावरून भट्टीच्या खोलीत निघून गेला.

मी टेबलापाशी बसले आणि लगेच उठले. फुगे लोळत होते. भट्टीच्या दारात गेले. तो ट्रे ढकलत होता, तोंड लालबुंद, पण हात चालू होते. परत टेबलाकडे. वीस मिनिटं झाली, अर्धा तास झाला, तरी तिन्ही फुगे पडलेलेच. बाबा आत्याबाईंना म्हणाले, अविश्वासाने यीस्टसुद्धा उदास होतं. बाई माझ्या कानात म्हणाल्या, थांबा, या यीस्टला चटका जरा जास्त बसला, वेळ लागेल. वेळ माझ्याकडे नव्हता. परत दार. मी पाण्याची बाटली पुढे केली, त्याने मानेनेच नको म्हटलं. परत टेबल. असं किती वेळा केलं ते मला आठवत नाही. पॅकिंगच्या पोरी हसायला लागल्या होत्या. हसा म्हटलं, हसा, माझा जीव टांगणीला लागलाय तुमचं काय जातंय.

साडेअकराच्या सुमाराला मी दारात गेले तेव्हा तो कच्च्या पावाचा ट्रे भट्टीत घालण्याऐवजी भिंतीकडे नेत होता. मी हाक मारली. तो वळला, माझ्याकडे नीट बघितलं आणि शांतपणे म्हणाला,

"आई, तू कधी आलीस?"

मी त्याला काखेत धरून ओढत बाहेर आणला. तो दारातच कोसळला. अंग चुलीवरच्या तव्यासारखं, आणि कुठला मंत्र नि कुठला दोरा, मी तो दोरा आधी तोडला. बाई ओरडून सांगत होत्या ते आम्ही करत होतो. शर्ट फाडला, नळाचं पाणी ओतलं, ओल्या गोण्या घातल्या, मोठा पंखा फिरवून त्याच्याकडे केला. क्रीमच्या शीतघरातून दाढीवाल्याने घमेली भरभरून बर्फ आणला. कारकुनाने अँब्युलन्सला फोन लावला. या सगळ्यात बाबा एका बाजूला उभे राहून म्हणाले, की बहिणीनेच शंका घेतली, म्हणून कवच फुटलं.

मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पण दाढीवाल्याने बघितलं. त्याच्या हातात अजून बर्फाचं घमेलं होतं. तो टेबलाकडे वळला आणि म्हणाला, सगळे इकडे या.

पहिला फुगा लोळत होता. तिसराही लोळत होता. मधला, फुगवणीच्या खोलीतून आलेला, ताठ उभा होता. त्याला कुणी मंत्र ऐकवला नव्हता.

बाईंनी चार वाक्यांत सगळं सांगितलं. भाषण करायची ती वेळ नव्हती. मग त्या बाबांना म्हणाल्या, "तुमचा मंत्र शीतल आहे ना? मग नवीन बाटली देते. पाऊण तास शीतघरात बसून म्हणा. ही कढत पाण्यात टाकून जगली तर मी तुमचा ताईत बांधेन."

बाबा म्हणाले, शीतघराची दिशा मंत्राला चालत नाही. बरं, मग पंख्याखाली म्हणा, दाढीवाला म्हणाला. वाऱ्याने मंत्र विखुरतो. बरं, मग इथेच, आमच्यासमोर, या खुर्चीवर. बाबांना तेवढ्यात कुठल्याशा दुसऱ्या भक्ताची आठवण झाली. आपली झोळी आवरून ते निघाले तेव्हा आत्याबाईंशिवाय कुणी वाट सोडली नाही, बाजूने अंग चोरून जावं लागलं. दाढीवाल्याने आपल्या दंडाचा दोरा दातांनी तोडला. मी अँब्युलन्समध्ये चढत होते, माझ्या मागे हे सगळं झालं. नंतर बाईंनी सांगितलं.

भाऊ वाचला. दोन दिवस त्याला कुणी ओळखू येत नव्हतं, मूत्रपिंडांवर ताण आला होता. डॉक्टर म्हणाले, जागेवरच बर्फ लावला म्हणून हाती लागला, गाडीची वाट बघत बसला असतात तर कठीण होतं. मालक भेटायला आले, खुर्चीच्या कडेवर बसले, पायरी पुन्हा सुरू केली असं म्हणाले. मी म्हणाले, ती रीत म्हणून नको, कारण लिहून भिंतीवर लावा. कारण माहीत नसलेली रीत पहिला लबाड येतो तो मोडून जातो. चौदा वर्षं ती पायरी पाळणाऱ्या आम्हा सगळ्यांपैकी एकालाही तिचं कारण सांगता आलं नव्हतं. बाबाची लबाडी खरी, पण दार उघडं आम्हीच ठेवलं होतं.

तुम्हालाही मी तेच सांगेन. अंगाला सवय लागते, रोग बरा होतो, पीक तगतं, यामागे शरीराची, पेशींची मुकाट मेहनत असते. ती कुणाला दिसत नाही, म्हणून कुणीही येऊन आपलं नाव तिच्यावर लावतो. म्हणून चमत्कार दाखवला की नमस्कार करण्याआधी विचारा, दुसरी बाटली कुठे ठेवली होती? विचारायला पैसे पडत नाहीत आणि खऱ्या गोष्टीला प्रश्नाने काही होत नाही.

तिसऱ्या दिवशी भाऊ शुद्धीवर आला. ओठ सुकून फाटले होते, मी चमच्याने पाणी पाजत होते. रागावायचं खूप ठरवलं होतं, पण एकच विचारलं, की अरे, एवढं अंग जळत होतं तर तू बाहेर का नाही आलास, मी पाणी देत होते तर का नाही घेतलंस?

त्याने चमचा हाताने बाजूला केला.

"ताई, जळत नव्हतं गं," तो म्हणाला. "दोरा बांधल्यापासून मला खरंच गार वाटत होतं."